‘कट्’ वाजलं म्हणजे खांदा सुटला?

मोबाइलवर हल्ली असे व्हिडिओ खंडीभर येतात. टेबलावर पालथा झोपलेला माणूस, त्याच्या पाठीवर कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्याचे, दोन्ही तळवे, एक झटका, माइक जवळ धरून टिपलेला ‘कट्’ असा आवाज. आणि मग उठून बसलेला तोच माणूस, दुखरा हात वर करून हसणारा. खाली शेऱ्यांत कोणीतरी लिहितंच, ‘मणका जागेवर बसला!’ हे आपल्याला चटकन पटतं. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीवर घेण्याची रीत आपल्याकडे होतीच की. झटका दिला की सरकलेलं जागेवर येतं, हा हिशेब जुना आहे.

पण बहुतेक वेळा सरकलेलं काही नसतंच. मणके अस्थिबंधांनी, स्नायूंनी आणि मधल्या चकत्यांनी एकमेकांना घट्ट जखडलेले असतात. अपघातात मणका खरोखरच जागचा हलला, तर त्या माणसाची मान-पाठ जराही न हलवता त्याला इस्पितळात न्यायचं असतं. झटका देण्याचा तिथे प्रश्नच येत नाही.

मग आवाज कसला? बोटं मोडताना येतो तोच. सांध्याच्या दोन बाजू एकदम दूर ओढल्या की आतल्या द्रवाचा दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. 1971 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी म्हटलं, की आवाज हा बुडबुडा कोसळल्याचा. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोट मोडतानाचं एमआरआय चित्रण झालं, त्यात पोकळी तयार होतानाच आवाज येतो असं दिसलं. वाद अजून आहे, पण हाड ‘बसण्या’शी आवाजाचा संबंध संशोधकांपैकी कोणीच जोडत नाही. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. शिवाय ज्या मणक्यावर नेम धरला तोच वाजेल याचीही खात्री नाही, शेजारचाही वाजतो.

सरकलेल्या मणक्याची ही कल्पना कायरोप्रॅक्टिकच्या जन्मापासूनची आहे. 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड यांच्या पाठीचा मणका दाबून त्यांचा बहिरेपणा घालवल्याचा दावा केला. ऐकण्याची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही. ती कानातून थेट मेंदूकडे जाते. पण दावा चालला.

इथवर वाचून कोणी म्हणेल, खांद्याचा आणि पाठीचा काही संबंधच नाही तर. तेही खरं नव्हे. कुबड काढून बसा आणि हात डोक्यावर न्यायचा प्रयत्न करा. मग ताठ बसून पुन्हा करा. फरक तिथल्या तिथे कळतो. वरची पाठ आखडली की खांद्याला वर जायला जागा कमी पडते. शिवाय खांद्याच्या नसा मानेतूनच निघतात. त्यामुळे काही खांदेदुखीत मणक्यांवरच्या उपचाराचा उपयोग होणं अगदी शक्य आहे.

किती होतो? नेदरलँड्समधल्या 150 रुग्णांची एक चाचणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. खांदा दुखतोय आणि मान-वरची पाठही आखडलेली आहे, अशीच माणसं त्यात घेतली होती. सगळ्यांना फॅमिली डॉक्टरचे नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय मान, वरची पाठ आणि फासळ्यांवरचे हाताचे उपचार, बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सहा वेळा. सहाव्या आठवड्याला दोन्ही गट सारखेच होते. बाराव्या आठवड्याला मात्र पूर्ण बरं वाटतंय म्हणणारे 43 टक्के विरुद्ध 21 टक्के. फरक चांगलाच आहे. पण उपचार घेतलेल्यांतही निम्म्याहून जास्त जण पूर्ण बरे नव्हते, आणि आपल्याला जादा उपचार मिळतोय हे रुग्णांना ठाऊक होतं.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची. खांद्याच्या कंडरा (टेंडन) दुखणाऱ्यांवर पुढे अमेरिकेत ज्या चाचण्या झाल्या, त्यांत एका गटाला वरच्या पाठीवर खरा झटका दिला आणि दुसऱ्या गटाला नुसते हात ठेवून झटक्याचा देखावा केला. दुखणं दोन्ही गटांत जवळपास सारखंच कमी झालं. म्हणजे व्हिडिओतला हसणारा माणूस खोटं हसत नाही. पण त्याच्या हसण्यावरून झटक्याचा गुण सिद्ध होत नाही. कंडरेच्या दुखण्यात मुख्य इलाज व्यायामाचा. तो रोज करायचा असतो आणि त्याचा व्हिडिओ कोणी पाहत नाही.

आधी खांदा कशामुळे दुखतोय ते पाहायला हवं. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यातच कळ येत असेल, तर बहुधा कंडरा. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटत असेल आणि बोटांत मुंग्या येत असतील, तर मानेतली नस. जेवणानंतर उजवा खांदा दुखतो आणि खांदा हलवल्याने काहीच फरक पडत नाही, तर पित्ताशयही असू शकतं. चालताना, जिना चढताना डावा खांदा भरून येत असेल आणि घाम फुटत असेल, तर थेट इस्पितळ गाठावं.

‘औषध नाही, म्हणजे अपायही नाही’ हा समज सगळ्यांत महाग पडणारा. वरच्या पाठीवरच्या झटक्यानंतर बहुतेकांना फार तर एक-दोन दिवस अंग दुखतं, एवढंच. मान पिरगाळण्याचं तसं नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून जातात. त्यांना आतून चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. थोडी आहेत, पण आहेत. दिल्लीच्या बाजूला 2017 मध्ये न्हाव्याने मान मोडल्यानंतर एका गृहस्थांच्या श्वासपटलाची नस निकामी झाल्याची बातमी गाजली होती. खांदा दुखतोय म्हणून मान मोडून घ्यायची गरज मला तरी दिसत नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि कधीही कर्करोग झालेल्यांनी झटक्याच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. उपचार फिजिओथेरपिस्टकडून घेणार असाल, तर महाराष्ट्रात त्यांची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये.

राहिला फ्रोजन शोल्डर. यात सांध्याभोवतीचं आवरणच आखडतं. कोपर कुशीला चिकटवून हात काटकोनात धरा आणि दुसऱ्या कोणाला तो हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. त्यांनाही फिरवता येत नसेल, तर संशय पक्का. झटका पाठीवर देऊन हे आवरण सुटत नाही. ते महिनोन्‌महिने घेतं, कधी दोन-तीन वर्षं. चाळिशी ते साठीत, आणि मधुमेह्यांत तर फारच, हे दुखणं दिसतं. कधी कधी मधुमेहाचा पत्ता खांद्यामुळेच लागतो. तेव्हा टेबलावर पालथं पडण्याआधी एचबीएवनसीची, म्हणजे रक्तातल्या साखरेची, तपासणी करून घ्यावी.