शाळेची परसबाग आणि वर्षभराची बेगमी

पुष्कळशा प्राथमिक शाळांत आज परसबाग दिसते. जून-जुलैमध्ये मोठ्या उत्साहाने वाफे पाडले जातात, बी पेरले जाते, कुंपण होते. श्रावणात भेंडी, गवार व दोडकी लागतात आणि शाळेच्या आवारास शोभा येते. परंतु त्याच शाळेस मार्च महिन्यात भेट दिली असता वाफ्यांच्या जागी भेगाळलेली जमीन, वाळलेले वेल आणि मोडलेले कुंपण आढळते. पुढील जूनमध्ये पुन्हा विकतचे बी, पुन्हा नवे वाफे व पुन्हा तोच प्रारंभ. अशा बागेतून मुलांना चार दिवस ताजी भाजी मिळते, हे खरे. तथापि शेतकऱ्याच्या घरी जे खरे शहाणपण असते, ते त्यांच्या हाती लागत नाही. पिकविणे हे त्या शहाणपणाचे अर्धे अंग होय. राखणे हे दुसरे. एका जूनपासून दुसऱ्या जूनपर्यंत पोहोचेल अशी बाग कशी चालवावी, ह्याचा विचार ह्या लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

शाळेत हाताने काम करून शिकावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिने उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार देशापुढे मांडला. पुढे 15 ऑगस्ट 1995 पासून प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली, आणि 2019 मध्ये केंद्र शासनाने शाळांतील पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. ह्यामुळे परसबागेस दोन हेतू प्राप्त झाले : मुलाच्या ताटात भाजी यावी व मुलाच्या बुद्धीत ज्ञान यावे. ह्यांपैकी दुसरा हेतू विसरला की बाग केवळ पाहुण्यांना दाखविण्यापुरती उरते.

जागा व वाफे

एक गुंठा जागा, म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद, एवढी मोकळी मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास चार वाफेही पुरेसे आहेत. वाफा तीन फुटांहून रुंद नसावा. म्हणजे मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोहोचतो व पाय मातीवर पडत नाही. दहा फूट लांबीच्या वाफ्यात दीड फूट अंतराच्या दोन ओळी आणि ओळीत एकेक फुटावर भेंडी लावल्यास वीस रोपे बसतात. हा हिशेब गुरुजींनी फळ्यावर मांडून देऊ नये. मुलांच्या हाती दोरी व फूटपट्टी द्यावी आणि त्यांनाच तो काढू द्यावा.

खतासाठी तीन फूट लांब, रुंद व खोल असा एक खड्डा घ्यावा. त्यात पालापाचोळा, भाजीची देठे व शेणकाला ह्यांचे थर द्यावेत व वर माती पसरावी. ओलावा राखून अधूनमधून खालीवर केल्यास तीन-चार महिन्यांत खत तयार होते. पाण्याची अडचण असल्यास जेवणापूर्वी हात धुण्याचे पाणी उपयोगात आणावे. साठ मुलांनी प्रत्येकी अर्धा लिटर पाणी वापरले असे धरल्यास रोज तीस लिटर पाणी हाती येते. ते चरातून अळू व केळीकडे न्यावे. कुंपणाच्या कडेने शेवगा व कढीपत्ता लावावा. एकदा रुजल्यावर ही झाडे पुष्कळ वर्षे देत राहतात.

शाळेच्या वर्षाशी जुळणारी लागवड

बाग ओसाड होते ती बहुधा सुटीत. म्हणून पिकांची योजना शाळेच्या वर्षावरून करावी. पावसाच्या प्रारंभी भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारली व लाल भोपळा लावावा. भेंडीची तोडणी पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, वांगी व टोमॅटो घ्यावेत. मेथी महिन्याभरात उपटणीस येते. म्हणून ती एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावी. एप्रिलच्या अखेरीस वाफे रिकामे व्हावेत, पण घर रिकामे राहू नये. सुटीपूर्वी काही वाळवण व पुढील वर्षाचे बी बरण्यांत भरलेले असावे.

रानभाज्या : गावाचे ज्ञान

पेरलेल्या भाजीस वेळ लागतो. परंतु पहिल्या पावसाबरोबर रान स्वतःच ताट वाढू लागते. टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा, भारंगी, शेवळे, कर्टोली, घोळ, तांदुळजा ह्या भाज्या ठिकठिकाणी उगवतात. नावे जिल्ह्यागणिक बदलतात : टाकळ्यास विदर्भात तरोटा म्हणतात, कर्टोलीस काटवल, तर फोडशी काही भागांत कुलू ह्या नावाने ओळखली जाते. 2020 पासून राज्याच्या कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरविले जात आहेत. तरीही ज्या घरी श्रावणभर रानभाजी शिजते, त्या घरचे मूल पुष्कळदा आपला डबा झाकून खाते. कारण ते गरिबाचे अन्न, अशी समजूत वर्गात असते. ही समजूत दूर करणे शिक्षकाच्या हातात आहे. पाड्यावरील अथवा गावातील एखाद्या जाणत्या आजींना शाळेत सन्मानाने बोलवावे. त्यांनी भाजी ओळखून दाखवावी, ती कशी निवडतात व शिजवितात ते सांगावे, आणि शिक्षकांनी मुलांसमवेत खाली बसून ऐकावे. ज्या मुलाने डबा झाकला होता, त्याच्याच आजीकडून वर्ग शिकतो आहे, हे दृश्य कित्येक पाठांहून अधिक काही शिकवून जाईल.

येथे सावधगिरी मात्र कडक हवी. कळलावीचा कंद विषारी असतो; काही रानकंद वारंवार उकळून व पाण्यात ठेवूनच खाण्याजोगे होतात; अळंबीच्या विषारी व बिनविषारी जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखणे धोक्याचे आहे. सबब मुलांनी कंद खणू नयेत व अळंबी तोडू नये, असा नियम असावा. शेवळ्यात घशास खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून जाणत्या बायका ते आंबट घालून नीट शिजवितात. बांबूचे कोंब कापून, उकळून, त्याचे पाणी टाकून देतात. ही त्यांची रीत अंधश्रद्धा नव्हे, अनुभवाने सिद्ध झालेले रसायनशास्त्र होय. शाळेने रानभाजी ओळखीपुरती आणावी. जाणत्या व्यक्तीने खात्री केल्यावाचून ती पोषण आहाराच्या पातेल्यात घालू नये. रस्त्याच्या कडेची व औषध फवारलेल्या बांधावरची भाजी तर मुळीच घेऊ नये.

तोडण्याचीही मर्यादा असते. कोवळे शेंडे खुडावेत, मूळ उपटू नये, काही झाडे बियांसाठी राखावीत. कर्टोलीचे नर व मादी वेल निरनिराळे असतात. फळ देत नाही म्हणून नर वेल उपटून टाकल्यास मादी वेलही फळावाचून राहतो.

टिकविण्याचे शास्त्र

अन्न नासते ते मुख्यतः बुरशी, किण्व व जिवाणू ह्यांमुळे. ह्या सूक्ष्म जीवांना वाढण्यास पाणी लागते. बहुतेक भाज्यांत दहा भागांपैकी आठ ते नऊ भाग पाणीच असते. ते उन्हाने काढून घेतले तर वाळवण होते. मीठ अथवा साखर घालून अडकवून ठेवले तर लोणचे व मुरांबा होतो. चिंच, लिंबू, कैरी ह्यांच्या आंबटपणानेही जिवाणूंची वाढ रोखली जाते. कोकणातील आमसुले व मिठाच्या पाण्यातील आंबे, विदर्भ-मराठवाड्यातील हरभऱ्याचा वाळलेला पाला, घरोघरचे सांडगे व भरलेल्या मिरच्या, ह्या सर्वांच्या मुळाशी हीच तत्त्वे आहेत. तेलाचा थर हवेस अडवितो एवढेच. मीठ व आंबटपणा कमी असल्यास केवळ तेलाने लोणचे टिकत नाही.

शाळेसाठी वाळविणे ही रीत सर्वांत सोयीची. श्रावणातील दमट हवेत ती साधत नाही. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरचे ऊन त्यास योग्य. कोवळी गवार अथवा भेंडीच्या चकत्या दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात धरून लगेच थंड पाण्यात घालाव्यात व निथळून स्वच्छ कापडावर पसराव्यात. असे केल्याने भाजीचा रंग व स्वाद टिकण्यास साहाय्य होते. उकळत्या पाण्याचे काम शिक्षकांनी अथवा स्वयंपाकाच्या मदतनिसांनीच करावे. वरून पातळ फडके घालावे आणि दव पडण्यापूर्वी ताटे आत घ्यावीत. मेथी व इतर पाला मात्र हवेशीर सावलीत वाळवावा. कडक उन्हात त्यातील अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य पुष्कळ नष्ट होते. वाळलेली गवार वाकविताच मोडली व पाला चुरला, म्हणजे काम झाले. बरणीत भरल्यावर एक-दोन दिवसांत काचेस आतून ओलसरपणा दिसल्यास पुन्हा वाळवावे. बुरशी दिसल्यास मात्र वरचा भाग काढून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा. सर्वच टाकून द्यावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. वाळविताना क जीवनसत्त्व बहुतांशी नाहीसे होते. त्यामुळे वाळवण हे ताज्या भाजीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. हिवाळ्यात ताजा आवळा व एरवी लिंबू ही उणीव भरून काढतात. दुसरे, उकडलेल्या बिनआंबट भाज्या हवाबंद बरणीत भरून ठेवण्याचा प्रयोग शाळेत कदापि करू नये. साध्या उकळीने न मरणारे जिवाणूंचे बीज अशा बरणीत वाढून घातक विष निर्माण करू शकते, आणि त्याचा वास अथवा रंग नेहमीच कळून येतो असे नाही.

वाळवणाचे ताजे व सुके वजन मुलांकडून घ्यावे. एक किलो भाजीचे किती ग्रॅम झाले, म्हणजे किती पाणी गेले, ह्यातून वजाबाकी, शेकडेवारी व बाष्पीभवन ही तिन्ही एकाच ताटात शिकविता येतात.

काम कोणी करावे

परसबागेतील काम ही शिक्षा नव्हे. उशिरा आलेल्या मुलास पाणी घालावयास लावल्यास तो श्रमाचा तिरस्कार करावयास शिकतो. त्याचप्रमाणे खणणे मुलांचे व निवडणे मुलींचे, अथवा शेणखत अमुक वस्तीतील मुलांचे, अशी वाटणी कळत-नकळतही होऊ देऊ नये. पाळीपत्रक भिंतीवर लावावे. त्यात प्रत्येक काम प्रत्येकाकडे फिरत यावे आणि शिक्षकांचेही नाव असावे.

बी राखणे

सर्वांत मोलाचे वाळवण म्हणजे बी. ह्यासाठी आरंभापासून संकरित बियाणे न घेता गावरान वा सरळ वाणाचे घ्यावे. संकरित बियाण्याची पुढील पिढी सारखी निपजत नाही. भेंडी व चवळीची दोन-दोन निरोगी झाडे निवडून त्यांना रंगीत दोरा बांधावा. त्यांची भाजी कोणी तोडू नये. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. बी सावलीत सुकवून, कोरड्या राखेत मिसळून, बाटलीत भरावे व वर पिकाचे नाव, महिना व वर्ष लिहावे. शाळा उघडताच दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात. चार-सहा दिवसांत किती रुजल्या, ते मोजावे, म्हणजे पेरणीस किती बी घ्यावे ह्याचा अंदाज येतो.

वार्षिक परीक्षा आटोपल्यावर शाळा सोडून जाणाऱ्या चौथीच्या मुलांनी ह्या बाटल्या तिसरीच्या मुलांच्या स्वाधीन कराव्यात. त्यासाठी समारंभ नको; गुरुजी अथवा बाईंच्या समक्ष, नोंदवहीत दोन्ही वर्गांची नावे लिहून तेवढे केले तरी पुरे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ती मुले बाटली उघडतील, आणि आपण पेरतो ते बी आपल्याआधीच्या मुलांनी आपल्यासाठी राखले होते, हे त्यांना ठाऊक असेल.