पद्धती, विषय आणि वर्ग : साहित्याच्या प्राध्यापकाला अध्यापनसाहाय्य

शालेय शिक्षकाला अध्यापनशास्त्राची पदवी घ्यावी लागते. विद्यापीठीय प्राध्यापकाला ती लागत नाही. पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा आणि संशोधन एवढ्यावर त्याची नेमणूक होते. ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, हे यामागील गृहीतक होय. या गृहीतकाची उणीव भरून काढण्यासाठी भारतात ज्या योजना झाल्या, त्यांचा तौलनिक साहित्याच्या प्राध्यापकाला कितपत उपयोग होतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी चेन्नईच्या दक्षिणेकडील शोळिंगनल्लूरचा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. कारण या प्रश्नाची दोन टोके तेथे काही किलोमीटरच्या अंतरात आढळतात.

जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरील शोळिंगनल्लूर 2011 मध्ये चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. याच रस्त्यावर उत्तरेकडे तरमणी येथे 1964 मध्ये तांत्रिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तंत्रनिकेतनांतील व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांना अध्यापनाची पद्धती शिकविणे हे तिचे कार्य. दुसरीकडे, शोळिंगनल्लूरलगतच्या पेरुंबाक्कम येथे केंद्रीय अभिजात तमिळ संस्थेची वास्तू 2022 मध्ये खुली झाली. प्राचीन तमिळ ग्रंथांचे संपादन, संशोधन व अनुवाद हे तिचे क्षेत्र. एका टोकाला पद्धती, तर दुसऱ्या टोकाला विषय. साहित्याच्या प्राध्यापकाचा वर्ग या दोहोंच्या मध्ये असतो.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना सुरू केली. 2015 मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्रे आणि 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे असे नाव मिळाले. उद्बोधन वर्ग आणि विषयनिहाय उजळणी वर्ग हे या योजनेचे दोन मुख्य आधार. विविध प्रांतांतील अध्यापक त्यामुळे एकत्र आले, नवे वाचन त्यांच्यापर्यंत पोहोचले, हे निःसंशय. परंतु या वर्गांची सांगड पदोन्नतीशी घातली गेल्याने प्रमाणपत्राला महत्त्व आले. शिवाय, तेथे अध्यापक बहुधा श्रोता असतो. तो स्वतःच्या वर्गात काय करतो, हे कोणी पाहत नाही.

ही उणीव एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, तौलनिक साहित्याच्या वर्गात संगमकालीन अगम् कविता आणि हालाची ‘गाथासप्तशती’ एकत्र शिकवावयाची आहे. जॉर्ज हार्ट यांनी 1975 च्या ग्रंथात या दोन परंपरांमागे दख्खनच्या समान मौखिक काव्याची शक्यता मांडली. मराठी अभ्यासकाला स. आ. जोगळेकर यांच्या 1956 च्या आवृत्तीमुळे गाथा परिचित आहेत. तमिळ काव्यशास्त्रात कुरिंजी, मुल्लै, मरुदम, नेय्दल व पालै ही पाच भूदृश्ये पाच भावावस्थांशी निगडित आहेत : डोंगराळ कुरिंजीत मीलन, समुद्रकाठच्या नेय्दलात व्याकूळ प्रतीक्षा. प्राध्यापक सामान्यतः प्रथम याचा तक्ता फळ्यावर मांडतो. विद्यार्थी तो उतरवून घेतात आणि पुढे प्रत्येक कवितेला खूणचिठ्ठी लावतात. गाथेलाही तेच माप लागते. दोन काव्यपरंपरांची तुलना होण्याऐवजी एकीचे वर्गीकरण दुसरीवर लादले जाते. गाथांना ध्वनिविचारात मिळालेले स्थान दुर्लक्षित राहते.

हा दोष अज्ञानाचा नाही, क्रमाचा आहे. म्हणून तो उजळणी वर्गातील व्याख्यानाने दूर होत नाही. तो दिसण्यासाठी कोणीतरी वर्गात बसावे लागते. शिक्षकप्रशिक्षणात रूढ असलेल्या सूक्ष्म अध्यापनात लहान पाठ, प्रतिसाद, पुनर्नियोजन आणि पुन्हा पाठ असे चक्र असते. साहित्याच्या वर्गासाठी त्यात बदल करावा लागेल. पाठापूर्वी सहकाऱ्याशी हेतूविषयी बोलावे. सहकाऱ्याने आवाजाची वा फळ्याची नव्हे, तर विद्यार्थी संहितेकडे केव्हा वळले, केव्हा तक्त्याकडे, याची नोंद घ्यावी. दुसऱ्या पाठात कविता आधी वाचावी, तीत समुद्र काय करतो असा प्रश्न विचारावा, विद्यार्थ्यांची उत्तरे ऐकावीत आणि नंतर तिणै-विचार मांडावा. गाथेच्या वेळी तोच प्रश्न ध्वनीच्या अंगाने विचारता येईल.

अशा साहाय्यासाठी दोन अटी आवश्यक वाटतात. पहिली, निरीक्षणाची नोंद पदोन्नतीच्या कागदपत्रांत जाऊ नये. मूल्यमापनाचे भय असेल तेथे अध्यापक आपला सर्वांत सुरक्षित पाठच दाखवितो. दुसरी, निरीक्षक शक्यतो अन्य भाषेच्या साहित्याचा असावा. आपल्याला गृहीत वाटणारे जे विद्यार्थ्याला अपरिचित असते, ते त्याला लवकर जाणवते. तौलनिक साहित्याच्या विभागात असा सहकारी शेजारच्याच खोलीत असतो. त्यासाठी नवी संस्था उभारण्याची नव्हे, तर वर्गाचे दार सहकाऱ्यासाठी उघडण्याची आवश्यकता आहे.