कात्री कोणाच्या हाती?

मक्तेदारीचे प्रकरण शिकवीत असताना काही दिवसांपूर्वी वर्गातला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, शिकागो बुल्ससारखा अजिंक्य संघ एका हट्टी व्यवस्थापकाने मोडून टाकला. भांडवलाच्या अशा नाशाला अर्थशास्त्रात काय म्हणतात?" पुरावा विचारता त्याने 'द लास्ट डान्स' या मालिकेचे नाव सांगितले आणि वर पुस्ती जोडली, "सगळे प्रत्यक्ष चित्रण आहे, सर." या शेवटच्या वाक्याने मी विचारात पडलो. चित्रण खरे होते, यात शंका नाही. परंतु खऱ्या चित्रणातून उभी राहिलेली कथाही तेवढीच खरी असते काय?

विख्यात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्यावरील ही दहा भागांची मालिका 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत, टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाने पाहिली. तिचा जन्म कसा झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. 1997-98 च्या हंगामात, म्हणजे बुल्सच्या सहाव्या आणि अखेरच्या विजेतेपदाच्या वर्षी, एनबीए या व्यावसायिक संघटनेच्या चित्रीकरण पथकाला संघाच्या खोल्यांत, बसमध्ये, विमानात मुक्त प्रवेश मिळाला. अट एकच होती : जॉर्डन यांच्या संमतीविना या चित्रणाचा वापर करावयाचा नाही. शेकडो तासांचे हे धन सुमारे दोन दशके पडून राहिले. 2016 मध्ये संमती मिळाली; आणि मालिका पडद्यावर आली तेव्हा कार्यकारी निर्मात्यांच्या यादीत जॉर्डन यांच्या व्यवहारांची व्यवस्था पाहणाऱ्या दोन व्यक्तींची नावे होती.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे कच्च्या मालाची मक्तेदारी आहे, आणि ती धारण करणारा स्वतःच कथेचा नायक आहे. ज्याच्या नावाने बुटांचा अब्जावधी डॉलरांचा व्यापार चालतो, त्याची प्रतिमा हीच त्याची सर्वांत मोठी मालमत्ता असते. अशा माणसाने आपल्या भूतकाळाच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना काही हिशेब केला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. केन बर्न्स या नामवंत अनुबोधपटकाराने हा आक्षेप त्याच वेळी घेतला होता. ज्याच्यावर चित्रपट करावयाचा त्याचाच निर्मितीवर प्रभाव असेल तर काही गोष्टी त्यात येणारच नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

मालिका खोटी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. जॉर्डन यांचा जुगार तीत आहे, सहकाऱ्यांना अपमानित करण्याची वृत्ती आहे, सरावात स्टीव्ह कर यांना मारलेला ठोसाही आहे. परंतु या साऱ्यानंतर विजयाची किंमत ती हीच, असे सांगताना नायकाचे डोळे पाणावतात आणि दोषाचे रूपांतर अलगद गुणात होते. दोष लपविण्यापेक्षा तो अशा रीतीने मांडणे कितीतरी अधिक परिणामकारक असते. जाहिरातशास्त्राला हे केव्हाच उमगलेले आहे.

खरा प्रश्न गाळलेल्या गोष्टींचा आहे. 1990 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात हार्वे गँट हे कृष्णवर्णीय उमेदवार सिनेटची निवडणूक लढवीत असताना जॉर्डन यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला नाही. मालिका हा विषय टाळत नाही, नायकाला प्रश्न विचारते, त्याचे उत्तर ऐकविते. पण त्याच संघात क्रेग हॉजेस नावाचा खेळाडू होता. 1991 मध्ये संघ व्हाइट हाउसमध्ये गेला तेव्हा हा गृहस्थ आफ्रिकी पद्धतीचा पेहराव करून गेला आणि कृष्णवर्णीयांच्या व गरिबांच्या स्थितीविषयीचे पत्र त्याने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी दिले. 1992 नंतर एनबीएतील एकाही संघाने त्याला घेतले नाही. आपल्या मतांमुळेच आपल्याला वाळीत टाकले, असा दावा त्याने 1996 मध्ये न्यायालयात दाखल केला. तो टिकला नाही. या हॉजेसची मुलाखत दहा भागांत कोठेही नाही. मौनाचे समर्थन ऐकायचे आणि त्याच खोलीत बसून बोललेल्या माणसाला बोलवायचेच नाही, ही कसली वस्तुनिष्ठता? त्याला बोलाविले असते तर मौन हा स्वभाव नव्हे, निवड होती, हे प्रेक्षकाला आपोआप दिसले असते.

यावर असे म्हटले जाईल की नायकाच्या सहकार्याविना असे चित्रपट होऊच शकत नाहीत. दार उघडून घेण्यासाठी संमती लागते, हे खरे; आत गेल्यावर काय दाखवावे, हे ठरविण्याचा अधिकारही त्याच संमतीत विकला जावा, हे मात्र ओघाने येत नाही. एझ्रा एडलमन यांचा 'ओ. जे. : मेड इन अमेरिका' हा 2016 चा साडेसात तासांहून मोठा अनुबोधपट त्याचे उदाहरण आहे. ओ. जे. सिम्प्सन तेव्हा तुरुंगात होता. त्याची मुलाखत त्यात नाही. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, लॉस एंजेलिसचे पोलीस, तेथील कृष्णवर्णीय वस्ती आणि तिच्यापासून दूर पळणारा तो खेळाडू यांचे इतके सखोल दर्शन घडते. त्याला ऑस्कर मिळाले. अ‍ॅलेक्स गिबनी यांची गोष्ट तर याहून बोलकी. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्या 2009 च्या पुनरागमनाचा गौरवपट ते करीत होते. पुढे उत्तेजक द्रव्यांचे प्रकरण सिद्ध झाले, 2012 मध्ये त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, आणि 2013 मध्ये तोच चित्रपट 'द आर्मस्ट्राँग लाय' या नावाने बाहेर आला. आपण स्वतःही त्याच्या प्रभावाखाली आलो होतो, हे गिबनी त्यात कबूल करतात. प्रकरण उघडकीस आले नसते तर पहिला चित्रपटही 'प्रत्यक्ष चित्रण' म्हणूनच मिरवला असता!

आपल्याकडे 2017 मध्ये 'सचिन : अ बिलियन ड्रीम्स' आला. घरगुती चित्रफिती, आईवडिलांच्या आठवणी, आणि स्वतः सचिनचे निवेदन. तो पाहताना मीही गहिवरलो, हे लपवीत नाही. परंतु 2000 च्या सामनानिश्चितीच्या प्रकरणाने भारतीय क्रिकेट मुळापासून हादरले असताना त्याच्या मनात काय चालले होते, याची उत्कंठा होती. तो विषय ओझरता येऊन गेला. आत्मचरित्र वाचताना लेखकाचे नाव मुखपृष्ठावर असते, म्हणून आपण सावध असतो. येथे कॅमेरा बोलतो आणि कॅमेऱ्याला पक्ष नसतो, अशी आपली समजूत आहे.

वर्गातल्या त्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो. ज्या व्यवस्थापकाला तो विद्यार्थी दोष देत होता, ते जेरी क्राऊस 2017 मध्येच निवर्तले होते. स्कॉटी पिपेन यांच्यासारखा खेळाडू 1987 मध्ये संघात आणणाऱ्या या माणसाला मालिकेत खलनायक होऊन वावरावे लागले, आणि उत्तर देण्यास तो हयात नव्हता. त्यांच्या अपूर्ण आत्मकथनातील काही भाग 2020 मध्येच शिकागोच्या एका वाहिनीने प्रसिद्ध केले. खेळाडूंची वाढती वये, दुखापती, वेतनाची गणिते, अशी संघ मोडण्यामागची त्यांची बाजू त्यांत आहे. मी ते कागद त्या विद्यार्थ्याला वाचावयास दिले. दोन दिवसांनी ते परत करताना तो म्हणाला, "क्राऊस मला अजूनही आवडत नाही, सर. पण हे कागद मालिका करणाऱ्यांनी मागितले होते का?"