बर्फ नसलेल्या गावची टीम

१९२१ साली स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेनला झालेल्या आइस हॉकीच्या सामन्यात ऑक्सफर्डने केंब्रिजवर सत्तावीस गोल चढवले. केंब्रिजला एकही करता आला नाही. आणि ऑक्सफर्ड गावात तेव्हा साधी आइस रिंकसुद्धा नव्हती! खेळायचं तर सुट्टी लागायची वाट बघायची, सामान बांधायचं आणि आल्प्स गाठायचा.

ही टीम उभी राहिली ती शिष्यवृत्त्यांच्या जोरावर. सेसिल ऱ्होड्सने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की नुसती पुस्तकी पोरं नकोत, मैदानावरची गोडीही हवी. उदाहरणं दिली क्रिकेट आणि फुटबॉलची. बर्फाचा विचार त्याच्या मनात आला असेल असं वाटत नाही. पण कॅनडातून जी पोरं आली, ती स्केट्सवरच वाढलेली.

त्यांतले दोघे पुढे फार मोठे झाले. रोलँड मिचनर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर आलेले, तर लेस्टर पीअरसन मॅसी प्रतिष्ठानच्या. पीअरसन बर्फावर असे काही वळणं घेत सुटायचे की स्विस लोकांनी त्यांचं नाव ‘हेर झिगझॅग’ ठेवलं. हाच झिगझॅग १९५७ मध्ये शांततेचं नोबेल घेऊन गेला आणि १९६३ ला कॅनडाचा पंतप्रधान झाला. मिचनर विरोधी पक्षाचे, लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहाचे माजी सभापती. तरी १९६४ मध्ये पीअरसननी त्यांना उच्चायुक्त म्हणून दिल्लीला पाठवलं, आणि १९६७ मध्ये तिथून परत बोलावून थेट गव्हर्नर जनरलच्या खुर्चीत बसवलं. एका टीममध्ये खेळलेल्यांचं नातं निवडणुकीने तुटत नाही, असं आपलं मला वाटतं. (आपल्याकडच्या क्रिकेट संघटनांकडे बघून मात्र हे विधान मागे घ्यावंसं वाटतं.)

मिचनरना व्यायामाचं वेड. गव्हर्नर जनरल झाल्यावरही ते जॉगिंग करायचे आणि लोकांना ‘तुम्हीही पळा’ म्हणून सांगायचे. देशातले हॉकीवाले मात्र या बाबतीत निवांत होते. हॉकी बर्फावर खेळतात, तर तयारीही बर्फावरच करायची, हा सरळ हिशेब. उन्हाळाभर आराम, आणि घाम गाळायचा तो मोसमाच्या तोंडावर, शिबिरात.

टोरंटोच्या लॉइड पर्सिव्हल नावाच्या प्रशिक्षकाने १९५१ मध्ये हॉकीवर पुस्तक लिहून शास्त्रशुद्ध तयारीचा आग्रह धरला, तेव्हा व्यावसायिक हॉकीतल्या जाणत्यांनी त्याला उडवून लावलं. पिकतं तिथं विकत नाही. पुस्तकाला गिऱ्हाईक मिळालं ते मॉस्कोत, हॉकी प्रशिक्षक अनातोली तारासोव यांच्या रूपात. रशियात तेव्हा कृत्रिम बर्फाची टंचाई, म्हणून तारासोवनी खेळाडूंना जमिनीवरच पिळून काढलं. हातात वजनं घेऊन उड्या, कोलांट्या, फुटबॉल, सोबत्याला पाठीवर घेऊन पळणं. कोल्हापूरच्या कुठल्याही वस्तादाला यात नवल वाटलं नसतं. तालमीतली निम्मी मेहनत अशीच असते, जोडीदार खांद्यावर आणि पाय मातीत.

२ सप्टेंबर १९७२. मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाचे नावाजलेले व्यावसायिक पहिल्यांदाच रशियाच्या मुख्य संघासमोर उतरले. सुरुवातीला झटपट दोन गोल करून मोकळेही झाले. मग दम लागायला लागला. रशियन मात्र शेवटपर्यंत त्याच वेगाने पळत होते. निकाल लागला सात-तीन. पुढे कॅनडाने ती मालिका कशीबशी जिंकली, पण त्या रात्री प्रेक्षागृहात चिडीचूप.

देशाच्या गव्हर्नर जनरलची खुर्ची तेव्हा मिचनर यांच्याकडेच होती. वय बहात्तर. आणि त्यांचं जॉगिंग सुरूच होतं.