पाच ट्रंका आणि एक तळटीप

‘रिडल्स इन हिंदुइझम’ची टाइप केलेली प्रत तयार असूनही बाबासाहेब आंबेडकरांनी ती छापायला दिली नव्हती, आणि त्याचं एक कारण होतं फोटो. त्यांचं लिखाण टाइप करणारे नानकचंद रत्तू यांनी ही हकिकत सांगून ठेवली आहे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी बनारसला ब्राह्मणांचे पाय धुतले होते. त्या प्रसंगाचं छायाचित्र बाबासाहेबांना पुस्तकात हवं होतं. छायाचित्रांची शोधाशोध चालू राहिली, दुसऱ्या लिखाणाचा व्याप वाढत गेला, आणि ६ डिसेंबर १९५६ उजाडला.

पुस्तक निघालं ते १९८७ साली. छापलं महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्याने. काही आठवड्यांतच मुंबईच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले, विधिमंडळ तापलं, मंत्रिमंडळाला निर्णय फिरवावे लागले. जातीविषयी लोकांना शहाणं करण्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा का, आणि केला तर त्या पैशातून काय छापावं, हा वाद आपल्याकडे इतक्या उघडपणे क्वचितच झाला असेल. ते मोर्चे पुष्कळांना आठवतात. मला सांगायचं आहे ते मोर्च्यांच्या मागे असलेल्या कचेऱ्यांबद्दल.

बाबासाहेब गेल्यावर त्यांचे कागद वारसांच्या वादात अडकले आणि ट्रंकांत बंद होऊन सरकारी ताब्यात पडून राहिले. दिल्लीहून ते मुंबईत ॲडमिनिस्ट्रेटर जनरलच्या कचेरीत आले. लोखंडी ट्रंका, पाच. आत ‘रिडल्स’, ‘बुद्ध आणि मार्क्स’, ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ अशा लिखाणाचे गठ्ठे होते. हे लिखाण बाहेर यावं म्हणून जे. बी. बनसोड नावाचे नागपूरचे वकील हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेले. सरकारने छापण्याचं मान्य केलं आणि सप्टेंबर १९८१ मध्ये ट्रंका ताब्यात आल्या. राज्याने १९७६ मध्येच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती’ नेमली होती. समितीचं ऑफिस मंत्रालयासमोरच्या बराकीत, बराक क्रमांक १८.

त्या बराकीत बसणारा माणूस म्हणजे वसंत मून. नागपूरच्या वस्तीत वाढलेला, महसूल खात्यात नोकरी केलेला अधिकारी. १९७८ च्या सुमारास ते या कामावर विशेष कार्याधिकारी म्हणून आले आणि १४ एप्रिल १९७९ ला पहिला खंड बाहेर पडला. ट्रंकांतल्या कागदांची अवस्था सोपी नव्हती. एकाच प्रकरणाचे दोन-दोन, तीन-तीन मसुदे, सुटी पानं, मध्येच तुटलेला मजकूर, समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या. कोणतं पान कुठे जातं हे ठरवणं हेच मुख्य काम. महसुली नोकरीत जुने फेरफार आणि सातबारे लावायची सवय असते. मून यांनी तीच चिकाटी या पानांवर लावली असं मला नेहमी वाटतं. त्यांचं ‘वस्ती’ हे आत्मकथन वाचलं की हे काम त्यांना नोकरी का वाटलं नसेल ते कळतं.

‘रिडल्स’ हा चौथा खंड. त्यात एक प्रकरण राम आणि कृष्ण यांच्याविषयी. बाबासाहेबांनी स्वतः केलेल्या अनुक्रमणिकेत ते नव्हतं. नुसता टाइप केलेला मजकूर गठ्ठ्यात सापडला. संपादकांपुढे दोन वाटा होत्या, वगळणं किंवा घेणं. त्यांनी ते घेतलं, पण मुख्य भागात न घालता परिशिष्ट म्हणून शेवटी जोडलं आणि टीप दिली. हा संपादनातला प्रामाणिकपणा होता. सापडलेलं लपवायचं नाही, आणि लेखकाने जिथे ठेवलं नव्हतं तिथे घुसवायचंही नाही.

‘लोकसत्ते’त माधव गडकरी यांनी या परिशिष्टाकडे लक्ष वेधलं आणि वादाला तोंड फुटलं. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत ग्रंथाची प्रत जाळली गेली. मुंबईत शिवसेनेने मोर्चा काढला. विरोधकांचं म्हणणं दोन पदरी होतं. एक, देवांची निंदा झाली. दुसरं अधिक टोकदार: आंबेडकरांनी काय लिहिलं तो त्यांचा प्रश्न, पण आमच्या करातून सरकारने ते का छापावं? मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या सरकारने परिशिष्ट काढून टाकण्याचं ठरवलं. मग दुसरी बाजू उठली. एरवी एका व्यासपीठावर न दिसणारे रिपब्लिकन गट आणि दलित पँथरचे कार्यकर्ते एकत्र आले आणि फेब्रुवारीत मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी तोडगा निघाला तो एका ओळीचा. मजकूर तसाच राहील, खाली तळटीप येईल: या प्रकरणातल्या मतांशी सरकार सहमत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. तळटीप देणं ही सरकारची माघार नव्हती. मजकुराला हात न लावता ‘हे आमचं मत नाही’ म्हणणं हा सरकारचा हक्क आहे, आणि वाचकालाही त्यातून काही तोटा नाही. मोडायचा होता तो मजकूर, आणि तो वाचला. करांचा मुद्दा मात्र मला तेव्हाही पटण्यासारखा नव्हता आणि आजही नाही. मुंबई सरकारने पन्नासच्या दशकात तुकोबांची गाथा छापली. पु. मं. लाड यांनी ती सिद्ध केली. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय काढलं, त्यात ‘गुलामगिरी’ आली. तुकोबांनी आणि जोतीरावांनी कोणाला गोड वाटावं म्हणून लिहिलं नव्हतं. सरकारी पैसा म्हणजे सगळ्यांचा पैसा, आणि त्या सगळ्यांत तलावावरून हाकललेलेही येतात.

तलाव म्हटलं की मागे जावं लागतं, कारण हा पैशाचा वाद १९८८ मध्ये जन्मला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळांवर, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव नको. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षांनी बोल्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे अमलात आणणार नाहीत त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. बोल्यांची पारख इथे दिसते. नुसत्या उपदेशाने पाणवठा उघडत नाही, अनुदानाची दोरी ओढावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला. तळ्यावर मात्र काही बदललं नाही. ते बदललं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायल्यावर. त्यानंतर तिथल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली आणि सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. ऑगस्ट १९२७ मध्ये तिथल्या नगरपालिकेने आपला ठराव रद्दही केला.

तळ्यावरचं पाणी पिणं आणि ठराव रद्द होणं या दोन घटनांच्या मधल्या दिवसांत आमच्या बदलापूर गावाचं नाव येतं. १९२७ हे शिवरायांच्या जन्माचं त्रिशताब्दी वर्ष मानलं गेलं. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरतो. तेव्हा वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी सर्वत्र चालत होती, आणि त्या हिशेबाने उत्सव मेच्या सुरुवातीला आला. उल्हास नदीकाठच्या या गावातल्या शिवजयंतीचं अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांकडे होतं. महाडला दीड महिना झाला होता. त्यांचं नवं पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’ महिन्यापूर्वी सुरू झालेलं. ते स्वतः कौन्सिलचे नवे नेमलेले सभासद. पाणी प्यायल्याबद्दल ज्या माणसाच्या अनुयायांची डोकी फुटली, त्याला ठाणे जिल्ह्यातलं एक गाव शिवरायांच्या उत्सवात अध्यक्षाच्या खुर्चीत बसवतं. हा गावाचा उत्सव होता, सरकारचा नव्हता. कोणाचं परिपत्रक आलं नव्हतं, अनुदान थांबण्याची भीती नव्हती.

इथे आमच्याकडची काही माणसं लगेच म्हणतात, पाहा, समाज आपणहून बदलतो, सरकारने पैसा घालायची गरजच काय! मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. एका दिवसाची खुर्ची म्हणजे गावातल्या विहिरी नव्हेत. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळावी लागली, यातच सगळं आलं. बदलापुरातल्या त्या दिवसाचा मला अभिमान आहे, पण तो दिवस पुढच्या पिढीला कळतो कशामुळे? कोणीतरी बातमी छापली, कोणीतरी अंक जपले, कोणीतरी भाषणं आणि साधनं गोळा करून खंडांत घातली म्हणून. आमच्या गावात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ उभं केलं, त्यामागची तळमळ ही जपणुकीचीच. एका माणसाच्या जिद्दीवर दुर्मीळ मराठी पुस्तकं वाचू शकतात. बावीस खंड लाखो घरांत स्वस्तात पोहोचवायचे तर मात्र सरकारचा छापखाना लागतो.

आणि ते घरात पोहोचतच होते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर सरकारी ग्रंथविक्रीच्या स्टॉलसमोरची रांग ज्याने पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. चैत्यभूमीचं दर्शन, मग पुस्तकं. त्या दिवशी रात्री दादरहून सुटलेल्या बदलापूर लोकलमध्ये जाड बांधणीचे खंड मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. उल्हासनगरला उतरणारे कामगार, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले, शाळेतल्या बाई. इंग्रजी पुरतं येत नसतानाही खंड घेतात. ‘पोरगी वाचेल’ म्हणतात.

आता १९८८ नंतर काय झालं ते पाहू. मोर्च्यांनी, होळ्यांनी, विधिमंडळातल्या गदारोळाने खंड थांबले का? नाही. १९८९ मध्ये पाचवा निघाला, जन्मशताब्दीच्या सुमाराला एकामागून एक खंड आले. मून बराकीत बसून काम करत राहिले. २००२ मध्ये ते गेले. पुढे हरी नरके यांनी ते काम ओढलं, आणि खंडांची संख्या बावीसवर गेली. एवढ्या मोठ्या विरोधाला पुरून उरलेलं हे काम अडकलं ते कोणाच्या विरोधाशिवाय.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बातमी आली, आणि ती पुन्हा ‘लोकसत्ते’तच. खंडांच्या ९ लाख प्रती छापायचं सरकारने २०१७ मध्ये ठरवलं होतं. ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला गेला. चार वर्षांत छापून झाल्या फक्त ३३ हजार प्रती. बाकीचा कागद गोदामात. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती प्रसन्न वराळे आणि श्रीराम मोडक यांच्या खंडपीठाने डिसेंबरमध्ये या बातमीचीच जनहित याचिका करून घेतली. खंडांना मागणी आहे, अभ्यासकांना ते हवे आहेत, आणि तरी छपाई ठप्प, यावर कोर्टाने सरकारला जाब विचारला.

त्याच वर्षी अमेरिकेत काय चाललं होतं ते यासोबत ठेवून पाहण्यासारखं आहे. गुलामगिरी आणि वर्णद्वेष सरकारी शाळांत कसा शिकवायचा यावर तिथे रान पेटलं होतं. ओक्लाहोमा आणि टेक्सास या राज्यांनी २०२१ मध्ये कायदे करून शिक्षकांनी काय शिकवू नये ते ठरवलं. पालक शाळा मंडळांच्या बैठकांत भांडत होते. तिथे निदान भांडण समोर होतं. कायद्याचा क्रमांक होता, मतं कोणी दिली ते नोंदलेलं होतं, कोर्टात आव्हान देता येत होतं. आपल्याकडे कोणी बंदी घातली नाही, कोणी विरोधात मत दिलं नाही. उलट सगळे पक्ष दरवर्षी १४ एप्रिलला हार घालत होते. कागद तेवढा पडून होता.

म्हणून हा वाद जेव्हा पुन्हा निघेल, आणि तो निघेलच, तेव्हा मजकुरावर भांडणाऱ्यांना मला थोडं बाजूला न्यायचं आहे. बाबासाहेबांनी राम-कृष्णांविषयी काय लिहिलं यावर जरूर बोला. ते वाचूनच बोलायचं आहे, आणि वाचायला प्रत लागते. समितीला पूर्णवेळ सचिव आहे का? संपादनाला माणसं किती आहेत, मुद्रितं कोण तपासतं? मराठी अनुवादाचे किती खंड झाले? छापलेल्या प्रती तालुक्याच्या गावी कोण पोहोचवतं? जिल्ह्याच्या अर्थसंकल्पावर बोलताना आपण रस्त्याचा प्रत्येक खड्डा मोजतो. या प्रश्नांवर मात्र आमच्या नगरपालिकेतल्या, आमदारांच्या, मोर्च्यांतल्याही भाषणांत मी अवाक्षर ऐकलेलं नाही. पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारायचा असेल तर तो इथून सुरू करता येईल: २०१७ मध्ये ठरलेल्या ९ लाखांपैकी आज किती प्रती वाचकांच्या हातात आहेत, आणि त्यातल्या किती ठाणे जिल्ह्यात आल्या?