कारागृहातील काम आणि सुटकेनंतरचे जगणे

न्यायालय सश्रम कारावासाची शिक्षा देते, तेव्हा काम करणे हा त्या शिक्षेचाच भाग ठरतो. साध्या कारावासात मात्र कैद्यावर कामाची सक्ती नसते. 1894 च्या कारागृह अधिनियमाने सक्तीच्या श्रमाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, परंतु त्या श्रमातून कैद्याने काही शिकावे, हा विचार बऱ्याच उशिरा रुजला. त्याआधी खडी फोडणे, काथ्या कुटणे, घाणा ओढणे अशी कामे शरीर थकवण्यासाठीच दिली जात आणि त्यांतून सुटकेनंतर पोट भरण्याचे कोणतेही साधन हाती येत नसे.

आज महाराष्ट्रातील येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम असे उद्योग चालवणारा स्वतंत्र कारखाना विभाग असतो. तेथील माल कारागृहाची व शासकीय कार्यालयांची गरज भागवतो आणि विक्री केंद्रांतून सामान्य ग्राहकांपर्यंतही पोहोचतो. तरीही जे काम कारागृहाला उपयोगी पडते, ते कैद्याला बाहेर उपयोगी पडेलच असे नाही. हातमागावर वर्षानुवर्षे सतरंज्या विणणारा माणूस सुटतो, तेव्हा बाजार यंत्रमागाच्या स्वस्त मालाने भरलेला असतो.

नाशिकरोड कारागृहात पैठणी विणण्याचे जे काम झाले, ते या दृष्टीने लक्षणीय आहे. अस्सल पैठणीच्या पदरावरील मोर किंवा वेल यंत्राने उमटत नाही. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली लहान कांडी, ताण्याच्या धाग्यांतून हाताने फिरवत ही नक्षी गुंफावी लागते आणि एक धागा चुकला तरी आकृती बिघडते. असा हात बसायला दीर्घ काळ लागतो, आणि दीर्घ मुदतीच्या कैद्याकडे तो असतो. शिवाय पैठणीचे मोठे केंद्र असलेले येवले याच जिल्ह्यात असल्याने सुटलेल्या विणकराला मागावर बसण्याची संधी जवळच मिळू शकते.

मजुरीचा प्रश्न मात्र अजून समाधानकारक सुटलेला नाही. कैद्यांना त्यांच्या कामाची वाजवी मजुरी मिळाली पाहिजे आणि तिचा काही भाग गुन्ह्याची झळ सोसणाऱ्यांसाठी बाजूला ठेवला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात 1998 मध्ये सांगितले. त्यानंतर दर वाढले, तरी बहुतेक राज्यांत ते बाहेरच्या मजुरीच्या जवळपासही पोहोचलेले नाहीत, आणि घरच्यांना पैसे पाठवू पाहणाऱ्या कैद्याला याची झळ सर्वाधिक बसते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यात सुरू केलेल्या 'जिव्हाळा' योजनेत कैद्याला 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याची परतफेड याच मजुरीतून होते. कैद्याच्या श्रमाला पत आहे, हे त्यातून प्रथमच मान्य झाले.

काम कोणाला कोणते मिळावे, हे कित्येक ठिकाणी जातीवरून ठरत आले होते. झाडलोट विशिष्ट जातींकडे आणि स्वयंपाक उच्च जातींकडे सोपवणाऱ्या अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतील तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी घटनाबाह्य ठरवल्या. ज्याला आयुष्यभर झाडूच दिला, त्याला कौशल्य शिकवण्याची भाषा पोकळ ठरते, म्हणून या निर्णयाचे मोल फार मोठे आहे.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ असलेल्या स्वतंत्रपूरने वेगळी वाट दाखवली. औंध संस्थानाच्या राजांनी 1939 मध्ये पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने वसवलेल्या या खुल्या वसाहतीत कैदी भिंतीविना, कुटुंबासह राहून शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (1957) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. येथे शेतीइतकेच घर चालवणेही शिकायला मिळते, आणि दीर्घ कैदेत सर्वात आधी सुटते ती हीच सवय.

मात्र अशा जागा मोजक्या आहेत, आणि त्या केवळ शिक्षा झालेल्यांसाठी. भारतातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आहेत; त्यांना श्रमाची सक्ती करता येत नाही, आणि कधी सुटका होईल याचा नेम नसल्याने त्यांना लांबलचक प्रशिक्षणातही सहसा घेतले जात नाही. वीजजोडणी किंवा शिवणकाम यांसारखे काही आठवड्यांत पुरे होणारे, कारागृहाचे नाव नसलेले प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम त्यांच्यासाठी आखणे अगदी शक्य आहे, आणि कारागृह विभागाने सर्वात आधी तेच हाती घ्यायला हवे.