गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या कुत्रीचा आहार

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. पहिले पाच आठवडे नेहमीचे खाणे पुरते. पुढे ते हळूहळू वाढवत विण्याच्या सुमारास सव्वा ते दीडपट करावे. पिल्लांमुळे पोट दबते, म्हणून थोडे थोडे, तीन-चार वेळा द्यावे. नुसता दूध-भात अपुराच. पिल्लांसाठीचे तयार खाद्य उत्तम. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र पशुवैद्यांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत: त्यामुळे हाडांतले कॅल्शियम वापरण्याची शरीराची क्षमता मंदावते आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातले कॅल्शियम एकदम घसरू शकते. धाप, ताठरलेले पाय, थरथरणारे अंग दिसताच कुत्रीला तातडीने दवाखान्यात न्यावे. व्याल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वाधिक असते. तेव्हा आहार नेहमीच्या दुप्पट ते चौपट लागतो. ती पिल्लांना सोडून फारशी उठत नाही, म्हणून पाणी अंथरुणाशेजारीच ठेवावे.